थेंब टाकण्याआधी

मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेला पंधरा-वीस मिनिटं लागतात, असं डॉक्टर सांगतात. हिशेब बरोबर आहे. त्यात शिरूरच्या आजी धरलेल्या नाहीत, एवढंच. बिंदू पिकल्याशिवाय काढायचा नसतो, हे आजींनी कधीतरी ऐकलेलं असतं, आणि ज्या तालुक्यात कांदासुद्धा भाव आल्याशिवाय चाळीतून हलत नाही, तिथे डोळ्याची घाई कोण करणार? प्रत्यक्षात लेन्सचा आतल्या आत चुरा करून तो ओढून घेण्याच्या आजच्या पद्धतीत बिंदू जितका कडक, तितकी डॉक्टरांची कसरत जास्त. पण आजी थांबतात. मग पितृपक्ष येतो, ऊसतोड येते, नातीचं बाळंतपण येतं. अखेर गावातल्या शिबिरात तपासणी होते आणि शिक्रापूर-वाघोलीची कोंडी पार करून गाडी पुण्याच्या रुग्णालयात पोचते. दौंडचे आजोबा सोलापूर रस्त्याने नाहीतर रेल्वेने येतात. पुण्याहून मनमाडकडे जाणाऱ्या गाड्यांचं इंजिन वर्षानुवर्षं ज्या जंक्शनवर तोंड बदलत आलं, तिथल्या माणसाला निदान थांबण्याची सवय असते. दोघांनाही वॉर्डात आधी भेटते ती सिस्टर. माझं म्हणणं असं, की या शस्त्रक्रियेतलं सर्वांत धारदार हत्यार म्हणजे सिस्टरची चौकशी, आणि आपण तिचं सगळं काम ‘थेंब टाकतात’ एवढ्यावर उरकतो.

याला पुरावा आहे. अमेरिका आणि कॅनडात मोतीबिंदूच्या 19,000हून अधिक शस्त्रक्रियांचा अभ्यास झाला आणि तो 2000 साली प्रसिद्ध झाला. एका गटाच्या रक्ताच्या आणि हृदयाच्या चाचण्या सरसकट केल्या, दुसऱ्याच्या केल्या नाहीत. दोन्हीकडे गुंतागुंत सारखीच, दर हजारी सुमारे 31. यावरून कोणी म्हणेल, मग ही पूर्वतयारी म्हणजे नुसता सोपस्कार! पण त्या अभ्यासात दोन्ही गटांची विचारपूस आणि शारीरिक तपासणी झालीच होती. वगळल्या त्या चाचण्या, प्रश्न नव्हेत. शिवाय आपल्याकडे साखर आयुष्यात पहिल्यांदा तपासली जाते ती कित्येकदा या डोळ्याच्याच निमित्ताने, तेव्हा इथे चाचण्यांनाही लगेच निरोप देऊ नये. तरी प्रश्नाची सर यंत्राला नाही. ‘साखरेचा त्रास आहे का?’ या प्रश्नाला आपल्याकडचं प्रामाणिक उत्तर ‘नाही’ असं असतं, कारण गोळी चालू आहे आणि त्रास गोळीने थांबलाय. ‘पिशवीत काय आणलंय, दाखवा बरं,’ असं म्हणणारी सिस्टरच त्या ‘नाही’तून पाच पाकिटं बाहेर काढते. त्यातलं एक तर सुनेसमोर काढायचंच नसतं: लघवीची गोळी. प्रोस्टेटसाठी दिल्या जाणाऱ्या टॅमसुलोसिनमुळे शस्त्रक्रियेच्या वेळी बुबुळाचा पडदा ढिला पडून फडफडतो, हे 2005 साली नोंदवलं गेलं. गोळी ऐनवेळी बंद करूनही धोका टळेलच असं नाही. डॉक्टरांना आधी ठाऊक असलं, तर ते तयारीत राहतात. आजोबांची ही लाज मोडणारं यंत्र अजून निघालेलं नाही. त्यासाठी सुनेला चहा आणायला पाठवावं लागतं.

आता कोणी म्हणेल, माहितीची एक चित्रफीत लावा, काम भागेल. चित्रफीत सांगते, पण ऐकून घेत नाही. ‘दोन्ही डोळे एकदमच करून टाका, पुन्हा गाडीभाडं नको,’ या सूचनेला ती काय उत्तर देणार? ‘थेंब टाकल्यापासून उलट कमीच दिसतंय’ या तक्रारीवर, बाहुली मोठी करायलाच ते थेंब आहेत, म्हणून दहा-पंधरा मिनिटांनी पुन्हा टाकतोय, हे त्याच क्षणी सांगावं लागतं. नाहीतर आजी चप्पल शोधू लागतात. दुसरा आक्षेप, जास्त सांगितलं तर माणूस घाबरतो. घाबरतो तो खरा न सांगितल्यावर. तोंडावर कापड पडतं, वर प्रखर दिवा, आणि भूल फक्त डोळ्यापुरती. आजी जाग्याच असतात, आणि जागं असून गप्प राहणं ही त्यांची आयुष्यातली पहिलीच वेळ. हलायचं नाही, मान डोलवून होकार द्यायचा नाही, खोकला आला तर आधी सांगायचं, ही तालीम वॉर्डातच व्हावी लागते. दमेकऱ्याला उताणं झोपवून बघायचं तेही तिथेच. कोरियात 62 रुग्णांवर झालेल्या आणि 2001 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, शस्त्रक्रियेच्या वेळी नर्सने ज्यांचा हात धरला होता, त्यांची चिंता कमी आढळली. रक्तातलं अ‍ॅड्रेनॅलिनसुद्धा कमी होतं. या उपचाराला निविदा काढावी लागत नाही, बहुधा म्हणूनच तो खरेदीच्या यादीत नसतो.

खरा आक्षेप एकच: सिस्टर थोड्या आणि गाडीभर आज्या. हे मान्य. शिबिराच्या दिवशी एकेकीशी अर्धा तास बोलायला कुणाला सवड आहे? पण उपाय गप्पा वाढवण्यात नाही, गप्पांना काम म्हणून मोजण्यात आहे. पिशवी पाहण्याचं काम गावात तपासणीच्या दिवशीच करता येतं आणि उताणं झोपण्याची तालीम घरच्या खाटेवर. गाडीतल्या कोंडीचे तास तर फुकटच जातात; तिथे एक सिस्टर बसली, तर वाघोली येईपर्यंत निम्म्या प्रश्नांची उत्तरं मिळतील. केसपेपरवर रक्तदाब, साखर आणि लेन्सच्या नंबराशेजारी एक रकाना ‘कोणत्या गोळ्या, स्वतः पाहिल्या का’ असा हवा, दुसरा ‘उताणं झोपता येतं का’ असा. आणि कागद उरलाच, तर तिसरा: घरी शेळ्यांचं कोण बघतंय. हा रकाना कोरा राहिला, की ठरलेल्या दिवशी खाटही कोरी राहते.