दोन्हीकडून दोन टक्के

प्रति,
समस्त जमीन-प्लॉट एजंट मंडळी,
शिरूर आणि दौंड तालुके, जि. पुणे.



आपलं जाहीर कौतुक कोणी करत नाही, म्हणून हे पत्र. रांजणगाव आणि कुरकुंभला सरकारने एमआयडीसी आणली, पण तिथल्या कामगाराने राहायचं कुठे, हे सांगायचं राहून गेलं. ते काम आपण अंगावर घेतलंत. त्याला एक गुंठा दाखवलात. 1089 चौरस फूट, चार खुणेचे दगड, तारेचं कंपाउंड आणि पुढे एक भली मोठी कमान. घर तेवढं राहिलं, पण तो काही आपला विषय नव्हे.

आपलं गणित स्वच्छ आहे. दहा लाखांचा गुंठा गेला की घेणाऱ्याकडून वीस हजार, देणाऱ्याकडून वीस हजार. आता महिनाभर थांबून शेतकऱ्याला पन्नास हजार वाढवून दिले, तर आपल्या खिशात भर किती? दोन्हीकडची मिळून दोन हजार. तेवढ्या वेळात आणखी दोन गुंठे उरकतात. म्हणून आपण शेतकऱ्याला म्हणता, “भाव पडायच्या आत देऊन टाका,” आणि पार्टीला म्हणता, “भाव चढायच्या आत घेऊन टाका.” तेही एकाच दिवशी, एकाच बांधावर उभं राहून.

हे फक्त शिक्रापूर-केडगावातच चालतं असं समजून संकोचू नका. अमेरिकेत लेव्हिट आणि सिव्हर्सन या अर्थतज्ज्ञांनी शिकागो परिसरातले घरविक्रीचे व्यवहार तपासले. 2008 साली छापून आलेला त्यांचा निष्कर्ष असा, की एजंट स्वतःचं घर विकताना साधारण साडेनऊ दिवस जास्त थांबतो आणि 3.7 टक्के जास्त किंमत पदरात पाडून घेतो. गिऱ्हाइकाच्या घराला मात्र घाई! म्हणजे आपण जागतिक दर्जाचं काम करत आहात.

शिवाय आपल्याकडे ‘वरचं’ आहे, ते वेगळंच. मालकाला आठ सांगायचे, पार्टीला अकरा, मधले तीन कमिशनमध्ये धरायचे नाहीत. कधी थोडा इसार देऊन सहा महिन्यांचं साठेखत करायचं आणि मुदत संपायच्या आत तीच जमीन पुढच्याच्या गळ्यात घालायची. एकच ऊस तीनदा चरकात घातला तरी दर वेळी आधीपेक्षा जास्त रस निघतो, हे दौंडच्या साखर कारखान्यांनाही जमलेलं नाही. शेवटच्या गळ्यात पडलेला आकडा हाच मग गावचा ‘चालू भाव’ ठरतो. खरेदीखतावर बहुतेकदा रेडी रेकनरच्या आसपासची रक्कम असते, त्यामुळे खरा भाव कोणत्याच दप्तरात सापडत नाही. तो फक्त आपल्या तोंडी असतो. पुणे-शिरूर उन्नत मार्गाची किंवा पुरंदरच्या विमानतळाची बातमी आली, की तो आकडा आपोआप वाढतो. पगार मात्र बातमी वाचून वाढत नाही, म्हणून कामगार खोली भाड्यानेच घेतो आणि प्लॉटवर गवत वाढतं.

कायद्यातलं आपलं प्रावीण्य तर वकिलांना लाजवील. तुकडेबंदीचा कायदा 1947 चा. 2023 पासून पुणे जिल्ह्यात विकता येणारा किमान तुकडा बागायतीचा 10 गुंठे आणि जिरायतीचा 20. म्हणून आपण दहा अनोळखी माणसं एकत्र आणलीत आणि एकच सामायिक खरेदीखत केलंत. सात-बाऱ्यावर दहा नावं, पण कोणाचा तुकडा कुठला, हे फक्त आपल्या वहीतल्या नकाशात. पुढे बँक कर्जाला नाही म्हणते, बांधकामाची परवानगी अडते, तेव्हा आपण पुढच्या साइटवर असता. झालेले तुकडे नियमित करण्याची घोषणा 2025 मध्ये झाली. आपण ती नवे तुकडे पाडण्याचं आमंत्रण म्हणून वाचलीत.

महारेराने 2023 पासून एजंटांना प्रशिक्षण आणि परीक्षा सक्तीची केली, याचं आपल्याला दडपण आलं नसेलच. ती नोंदणीकृत प्रकल्प विकणाऱ्यांसाठी. शेतजमीन म्हणून जे विकलं जातं, त्याला प्रकल्प म्हणत नाहीत आणि ते विकणाऱ्याला पेपर द्यावा लागत नाही. नापास व्हायची सोयच नाही!

एकच नम्र सूचना. कमिशन बंद करा असं म्हणत नाही. पोट सगळ्यांनाच आहे. फक्त ते एकाच बाजूकडून घ्या, म्हणजे आपण कोणाचे हे कळेल. आणि खरेदीखताच्या दिवशी न घेता बांधकामाची परवानगी हातात पडल्यावर घ्या. मग सात-बारा, मोजणी, रस्ता आणि बिनशेतीचे (एन.ए.) कागद आपणच आमच्या आधी तपासाल. कोणत्याही अधिकाऱ्यापेक्षा बारकाईने.

कळावे, लोभ असावा.

आपलीच,
एक ‘पार्टी’

ता. क. : आपलं स्वतःचं घर ज्या जागेवर आहे, ती एन.ए. आहे, मोजलेली आहे आणि सात-बाऱ्यावर फक्त आपलंच नाव आहे, असं ऐकतो. तसल्या जागा कोणत्या एजंटाकडे मिळतात, तेवढं कळवावं.