व्हॅलिडिटी आणली काय?

2022च्या जूनमध्ये अमरावती-अकोला महामार्गावर लोणी ते मूर्तिजापूर असा 75 किलोमीटरचा डांबरी पट्टा 105 तास 33 मिनिटांत, मधे न थांबता अंथरला गेला आणि वऱ्हाडाचं नाव गिनेस बुकात लागलं. एवढा गुळगुळीत रस्ता असूनही 6 सप्टेंबर 2018ला दिल्लीहून निघालेली एक बातमी आपल्याकडे अजून अर्धीच पोचली आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी त्या दिवशी कलम 377च्या तावडीतून सज्ञान माणसांचं संमतीचं प्रेम सोडवलं. त्यातलं ‘पोट्ट्याले पोट्टा आवडू शकते’ एवढं अमरावतीच्या राजकमल चौकातल्या पानठेल्यावर, पिंक टाकत का होईना, आता मान्य होतं. त्याआधीच, 2017च्या डिसेंबरअखेरीस, शेजारच्या यवतमाळात तिथल्याच एका मुलानं आपल्या व्हिएतनामी मित्राशी मंगल सोहळा करून घेतला होता. पेपरात फोटो आले, कट्ट्याकट्ट्यावर चर्चा झाल्या. त्या हंगामात विदर्भाची कपाशी गेली खरी, पण ती गुलाबी बोंडअळीनं खाल्ली, त्या लग्नानं नाही, हे सगळ्यांनी पाहिलं.

उरलेली अर्धी बातमी, म्हणजे एकाच माणसाला मुलीही आवडू शकतात आणि मुलंही, ही मात्र मूर्तिजापूरच्या आसपास कुठेतरी अडवून ठेवली आहे. कागदपत्रं अपुरी आहेत म्हणे.

कागदपत्रांची सवय आपल्याला आहेच. महाराष्ट्रात बारावीच्या पोराच्या घरात एक फाइल असते, देव्हाऱ्याइतकी जपलेली. तिच्यात आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला, पणजोबांची कोतवाल बुकातली नक्कल. अनुसूचित जातीला 1950पूर्वीचा पुरावा, भटक्या-विमुक्तांना 1961पूर्वीचा, ओबीसींना 1967पूर्वीचा. जातीच्या या पडताळणीला, म्हणजे ‘व्हॅलिडिटी’ला, 2001चा कायदा आहे आणि कारणही आहे. पलीकडे हक्काची जागा असते, ती भलत्यानं लाटू नये. पण ‘मी बायसेक्शुअल आहे’ असं सांगणाऱ्याकडून आपण याहून कडक पुरावा मागतो, आणि त्या बदल्यात त्याला देतो काय? ना फीमाफी, ना हॉस्टेल, ना पोलीस भरतीत सेंटिमीटरची सूट. मिळतात ते टोमणे. लाभ शून्य, तरी बोगस लाभार्थ्यांची धास्ती केवढी!

तेव्हा माझी शासनाला नम्र सूचना आहे. अमरावती विभागासाठी एक प्रेम पडताळणी समिती रीतसर नेमावी. बिनपगारी ती आजही चालूच आहे, फक्त जीआर निघायचा राहिला आहे. अध्यक्ष एक निवृत्त मुख्याध्यापक. सदस्य-सचिव वधू-वर सूचक मंडळाच्या काकू. प्रत्येक घराचे मामा पदसिद्ध सदस्य, आणि पानठेल्यावरचे दोघं कायम निमंत्रित. समिती अर्जदाराला बोलावत नाही. अर्जदार तोंड उघडतो तिथेच सुनावणी लागते.

“तुले पोट्ट्या आवडतेत?”

“हो.”

“अन् पोट्टेही?”

“हो.”

“मंग एक काहीतरी सांग ना बे. मिटिंग कायले लांबवून राह्यला?”

अर्जदार म्हणतो, एकच सांगितलं तर खोटं होईल. मग पुरावा मागितला जातो. आता बघा, ज्या सतरा वर्षांच्या पोराकडे वर्गातल्या मुलीनं आजवर वहीसुद्धा मागितली नाही, त्याला कोणी विचारत नाही की तुला मुलीच आवडतात कशावरून. त्याची व्हॅलिडिटी जन्माच्या दाखल्यासोबत घरपोच आलेली असते. आमच्या अर्जदाराचं तसं नाही. त्यानं मुलीवर प्रेम केलं असेल तर शेरा पडतो, ‘मुलांबाबतचा पुरावा जोडलेला नाही, अर्ज त्रुटीत.’ पुढे मुलावर केलं तर, ‘अर्जदार आधी खोटं बोलला.’ दोन्ही एका वेळी केलं तर चारित्र्याच्या मुद्द्यावर अर्ज निकाली. आणि कोणावरच केलं नसेल, नुसतं मनातून जाणवलं असेल, तर समिती हसते आणि चहा मागवते.

मोजमापाची समितीला एकच पद्धत ठाऊक, पिकांच्या पैसेवारीची. पन्नासच्या वर की पन्नासच्या आत? मुलींकडची ओढ पन्नास पैशांच्या वर भरली तर माणूस सरळ, आत भरली तर ‘तसला’. आणि नेमकी पन्नास आली तर तलाठ्याला पुन्हा शेतात पाठवा. निम्मं-निम्मं असलं तरच खरा बायसेक्शुअल, अशी समितीची ठाम समजूत आहे. 1948 साली आल्फ्रेड किन्सी या अमेरिकन प्राध्यापकानं माणसांच्या ओढीसाठी शून्य ते सहा अशी पट्टी मांडली. गडी मूळचा कीटकशास्त्रज्ञ, झाडाला गाठी आणणाऱ्या बारीक गांधीलमाश्यांचा अभ्यासक. दोन माश्या सारख्या नसतात हे ज्यानं आयुष्यभर पाहिलं, त्याला माणसं दोन पेट्यांत मावत नाहीत हे कळायला जड गेलं नसावं. त्याच्या पट्टीतला शून्य आणि सहा आमच्या समितीनं ठेवले. मधले पाच आकडे खर्ची टाकले.

काही सदस्यांचं मत सौम्य आहे. ते म्हणतात, पोरगं वाईट नाही, गोंधळलेलं आहे. गोंधळाचं मूळही त्यांनी शोधून ठेवलंय: पुणे. वऱ्हाडातून पुण्याला गेलेल्या पोराच्या बाबतीत काहीही झालं तरी दोष पुण्याच्या पाण्याचा असतो. केस वाढवले, पुणे. ‘येऊन राह्यलो’चं ‘येतोय’ झालं, पुणे. एमपीएससीची पोस्ट निघाली तर मात्र ती आईच्या उपासांनी. पोरगं सांगतं, ‘बाबा, मले आठवीत असतानाच समजलं होतं, परतवाड्याच्या शाळेत.’ समितीच्या कामकाजात परतवाड्याची नोंद घेतली जात नाही. तिथे असलं काही पिकत नाही, तिथे संत्री पिकतात.

गोंधळ मात्र खरा आहे, तो समितीचा. एकाच श्वासात ती म्हणते की याला काही ठरवता येत नाही आणि याला सगळंच पाहिजे. एक तर माणूस गोंधळलेला असेल नाहीतर हावरट. दोन्ही असायला तो महामंडळाचा अध्यक्ष आहे काय? हावरटपणाच्या आरोपाला आपल्याकडे एक दुखरी किनारही आहे. शेतकऱ्याच्या पोराला स्थळ मिळत नाही, पाच एकर ओलीत असूनही मुलीचा बाप विचारतो ‘नोकरी कुठी आहे?’, अशा दिवसांत कोणी ‘मला दोन्ही चालतात’ म्हटलं की ऐकणाऱ्याला वाटतं, याच्या घरी स्थळांची रांग दुप्पट लागली असणार. प्रत्यक्षात नकार दुप्पट येतात. मुलगी म्हणते, उद्या एखाद्या पोरासाठी मला सोडशील. मुलगा म्हणतो, शेवटी लग्न करून मोकळा होशील. हे दुसरं वाक्य प्राइड मिरवणुकीत झेंडा धरणाऱ्यांकडूनही ऐकू येतं, म्हणजे समितीच्या शाखा मुंबई-पुण्यातही आहेत. गंमत अशी की अमेरिकेत गॅलपची पाहणी पाहिली तर स्वतःला एलजीबीटी म्हणवणाऱ्यांत निम्म्याहून जास्त माणसं बायसेक्शुअल निघतात. अक्षरांच्या त्या आगगाडीत सर्वांत भरलेला डबा ‘बी’चा, आणि फलाटावरचे सगळे विचारतात, ‘या डब्यात कोणी आहे का हो?’

अर्जदार मुलगी असली की कामकाज वेगळंच होतं. तिनं ‘मी बायसेक्शुअल’ म्हटलं की पुरुष सदस्यांचा संस्कृतीविषयीचा संताप एकाएकी ओसरतो आणि चेहऱ्यावर भलतंच तेज येतं. तिचं बोलणं तिच्याबद्दल आहे, आपल्या करमणुकीबद्दल नाही, हे त्यांच्या ध्यानातच येत नाही. या समितीच्या इतर बैठका हास्यास्पद असतात, ही किळसवाणी असते.

मग येतो गृहचौकशीचा टप्पा. दक्षता पथक म्हणून मामा स्वतः जठारपेठेत जातात आणि निदान करून येतात, “लगीन लावून द्या, उतरते.” जणू ताप आहे. लग्न लागतं. मुलीकडच्यांना पोराचं पॅकेज सांगतात, गोत्र सांगतात, चष्म्याचा नंबर सांगतात, बाकीचं घरातच राहतं. पुढे संसार मोडला की समिती निकाल वाचते, ‘बायसेक्शुअल माणसं फसवतातच.’ फसवलं कोणी? ज्याला बोलू दिलं नाही त्यानं की ज्यांनी बोलू दिलं नाही त्यांनी? मुलींकडे आणि मुलांकडे, दोन्हींकडे ओढ असणं आणि दोघांशी एकाच वेळी संसार थाटणं या वेगळ्या गोष्टी आहेत. तसं नसतं तर बाईच आवडणारे आपले सगळे भाऊसाहेब एकपत्नीव्रती निघाले असते. गावात दुसरं घर करणाऱ्या भाऊसाहेबांना ‘रंगेल’ म्हणायचं, आणि एका बायकोशी इमानानं राहणाऱ्या बायसेक्शुअल नवऱ्यावर सासूनं पाळत ठेवायची, तीही दुहेरी, कारण त्याचे मित्र आणि मैत्रिणी दोन्ही संशयित!

आणि एखाद्यानं लग्नाआधीच बायकोला सगळं सांगितलेलं असलं, तिनं ते ऐकून होकार दिलेला असला, दोघं गाडगेनगरात सुखानं राहत असली, तर समिती फाइल बंद करते, ‘अर्जदार सुधारला.’ बायको म्हणते, सुधारला-बिधारला नाही, तो होता तसाच आहे आणि मला चालतो. तिची हरकत कामकाजातून वगळण्यात येते.

समितीच्या ग्रंथालयात या विषयावरचं मराठी पुस्तक शोधलं तर सचिन कुंडलकरांची 2006ची ‘कोबाल्ट ब्लू’ ही कादंबरी सापडेल. तिच्यावरचा चित्रपट 2022मध्ये नेटफ्लिक्सवर आला. कादंबरीत पुण्यातल्या घरात एक भाडेकरू येतो, भाऊ त्याच्या प्रेमात पडतो आणि बहीणही. मग तो निघून जातो. अर्धी कादंबरी भाऊ सांगतो, अर्धी बहीण. दोघांनाही जीव लावून गेलेल्या त्या माणसाला सांगायला एक पान नाही, कादंबरीत त्याला नावसुद्धा नाही. कादंबरी म्हणून मला हे पटतं. ज्यांच्या वाट्याला विरह आला त्यांचं ते पुस्तक आहे, आणि चांगलं पुस्तक आहे. पण आपण वाचक मोठे हुशार. आपण त्यातून एवढंच उचललं की दोन्ही आवडणारा माणूस म्हणजे न सांगता पसार होणारा पाहुणा. त्या पाहुण्याच्या तोंडची कादंबरी मराठीत कोणीतरी लिहायला हवी. लिहिणारा अकोल्याचा असला तर उत्तम. चाळीस पानं तर उन्हाळ्यावरच जातील.

कायद्याच्या समितीचंही थोडं सांगतो. 17 ऑक्टोबर 2023ला सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की समलिंगी जोडप्यांना लग्नाचा मूलभूत हक्क नाही, काय ते संसदेनं बघावं. आता एक बायसेक्शुअल मुलगी घ्या. तिनं मित्राशी लग्न ठरवलं तर विवाह अधिकारी 1954च्या विशेष विवाह कायद्याखाली तीस दिवसांची नोटीस लावील, तीन साक्षीदारांच्या सह्या घेईल आणि शिक्का मारून देईल. तीच मुलगी, तेच आधार कार्ड, तोच अधिकारी, पण सोबत मैत्रीण असेल तर फॉर्मच नाही. मुलगी बदललेली नाही. तरी कायद्याच्या दृष्टीनं पहिल्या वेळी ती बायको होऊ शकते आणि दुसऱ्या वेळी फार तर रूम पार्टनर. मग घरचे तिला म्हणतात, ‘तुले पोट्टेही आवडतेत ना? मंग तोच रस्ता धर की.’ सवलत दिल्यासारखं म्हणतात. ज्या मुलीवर तिचा जीव जडलाय तिचं काय करायचं, हा विषय पुढच्या बैठकीत.

या सगळ्यात खरा गल्ला भरतो तो ‘उतरवून देतो’ म्हणणाऱ्यांचा. कोणी गोळ्या देतं, कोणी विजेचे झटके सुचवतं, कोणी हार्मोनची इंजेक्शनं, आणि आईबाप ट्रॅक्टरचा हप्ता थांबवून पैसे भरतात. ज्याला ‘थोडंफार मुलीही आवडतात’ त्याच्यावर तर या मंडळींचा विशेष लोभ, कारण निम्मं काम आधीच झालेलं असल्याचं दाखवता येतं. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं 2022मध्येच राज्यांच्या वैद्यकीय परिषदांना कळवलं आहे की माणसाची लैंगिक ओढ बदलून देण्याचे असले उपचार करणं म्हणजे व्यावसायिक गैरवर्तन. तेव्हा तुमच्या पोराला किंवा पोरीला कोणा नोंदणीकृत डॉक्टरनं असला ‘कोर्स’ सांगितला, तर महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे तक्रार करा. पोरांकडे पुरावा मागू नका, पण तिथे लागतो. पावती आणि चिठ्ठी जपून ठेवा.