लाल फेज, काळी न्यूट्रल

मला गिटारवर चार कॉर्ड येतात. पाचवा एफ, तो माहीत आहे, येत नाही. एवढ्या भांडवलावर माणसाने काय करावं, तर संध्याकाळी वसई रोडला उतरावं, शेअर रिक्षात ड्रायव्हरशेजारी अर्ध्या बुडावर बसून गोखिवऱ्यापर्यंत यावं, चहा घ्यावा, लेकीने पुण्याला जाताना कपाटावर ठेवून दिलेली इलेक्ट्रिक गिटार खाली काढावी, चारही कॉर्ड एकदा वाजवावेत आणि कुणी काही बोलायच्या आत गिटार परत वर ठेवावी. मी इतकंच करत होतो तोवर आमचा संसार सुखाचा होता.

पण ती गिटार घरघरायची. आमच्या बिल्डिंगच्या मागे इंडस्ट्रियल इस्टेटचे गाळे आहेत, त्यात दिवसभर कुठे वेल्डिंग चालू, कुठे मोल्डिंगचं मशिन चालू. घरात ट्यूबलाइट, फ्रिज, इन्व्हर्टर आहेतच. आणि लेकीच्या गिटारला एका कॉइलचा जुन्या पद्धतीचा पिकअप (तारांचा आवाज टिपणारा भाग), तो हे सगळं मन लावून ऐकायचा आणि अ‍ॅम्प लावला की आम्हाला ऐकवायचा. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणून घरघरही ५० हर्ट्झची, आणि ५० हर्ट्झ म्हणजे जवळजवळ ‘जी’चा खर्जातला सूर. त्यामुळे मी जी कॉर्ड वाजवला की साथीला कुणीतरी बसलंय असं वाटायचं. बाकीच्या तीन कॉर्डांना मात्र ते भांडण होतं.

धोबी तलावच्या एका दुकानात गेलो. काउंटरवरच्या पोराने माझं ऐकून घेतलं आणि म्हणाला, “काका, हंबकर टाका. चार वायरचा घ्या. सिरीज, पॅरलल, स्प्लिट, सगळं करता येतं.” हे ‘करता येतं’ कुणाला, ते मी विचारलं नाही. माझ्या डोक्यात गुणाकार सुरू झाला होता. चार कॉर्ड, तीन आवाज, बारा. न शिकता बारा.

हंबकरची युक्ती गिब्सन कंपनीतल्या सेथ लव्हर या गृहस्थांनी १९५५ च्या सुमारास काढली, आणि ती शाळेतल्या गणिताची आहे. शेजारीशेजारी दोन कॉइल, प्रत्येकीत सुमारे ५,००० वेढे, वायर ०.०६३ मिलिमीटर, म्हणजे डोक्यावरच्या केसाएवढी, ज्यांच्या आहेत त्यांच्या. दुसरी कॉइल पहिलीच्या उलट जोडायची, हा एक उणे. तिला चुंबकाचा ध्रुवही उलटा द्यायचा, हा दुसरा उणे. गिटारच्या तारेचा आवाज चुंबकामार्फत येतो, त्याला दोन्ही उणे लागतात. उणे गुणिले उणे अधिक, म्हणून दोन्ही कॉइलचा आवाज मिळून दणदणीत. घरघर हवेतून येते, तिला चुंबकाशी काही देणंघेणं नाही, तिला एकच उणे लागतो. एकीत अधिक, दुसरीत उणे, बेरीज शून्य. गणितात मी कायम काठावर पास झालो, पण हे मला चक्क समजलं. समजलं म्हणजे जमलं, असा माझा जुना समज आहे.

या पिकअपच्या पेटंटचा अर्ज १९५५ चा आणि पेटंट मिळालं १९५९ ला. त्या सुमारास पिकअपच्या पाठीवर ‘पेटंटसाठी अर्ज केला आहे’ अशा अर्थाची चिठ्ठी असायची, आणि ती चिठ्ठी असलेल्या पिकअपना आज शौकीन लोक वाटेल ती किंमत देतात. पुढे चिठ्ठीवर पेटंटचा नंबर छापला, तर तो पिकअपचा नव्हताच. लेस पॉल यांच्या नावावरच्या टेलपीसचा होता, ज्याला तारांची टोकं अडकवतात त्या भागाचा. ही हकिगत पुढच्या काळात मी बायकोला वरचेवर ऐकवली. तिला ती सांत्वनपर वाटली नाही.

तर विकत आणलेल्या हंबकरमधून चार रंगीत वायर आणि एक उघडी जाळीदार वायर बाहेर आल्या होत्या: लाल, काळी, हिरवी, पांढरी. सोबत एक नकाशाही होता. पण घरातला स्विचबोर्ड स्वतः बदललेल्या माणसाला नकाशा कशाला? (त्या बोर्डाची बेल दाबली की बाथरूममधला दिवा लागतो, पण बाहेर कुणीतरी आलंय हे कळतं ना.) लाल फेज, काळी न्यूट्रल, हिरवी अर्थिंग, हे आपल्याकडे पोरासोरांनाही ठाऊक. मी लाल आउटपुटला जोडली, काळी, हिरवी आणि जाळीदार तिन्ही अर्थला, आणि पांढरी उरली. उरलेल्या वायरचं माणूस काय करतो? टेप लावतो.

आता गंमत ऐका. या पिकअपवाल्यांच्या जगात काळी ही फेज. लाल आणि पांढरी एकमेकींना जोडून बाजूला ठेवायच्या, कारण तिथे दोन कॉइलची गाठ बसते; हिरवी आणि उघडी तेवढी अर्थ. आणि ही सीमूर डंकन कंपनीची पद्धत. डिमार्झिओचा पिकअप घेतलात तर लाल फेज, आणि काळी-पांढरीचं जुळवायचं. म्हणजे सेथ लव्हर यांनी दोन कॉइल एकत्र आणल्या आणि पुढच्यांना रंगांवर एकमत करता आलं नाही. माझ्या जोडणीत पांढरी टेपमध्ये गेल्यामुळे एक कॉइल पूर्ण सुट्टीवर गेली होती आणि दुसरी एकटी काम करत होती. एकटी कॉइल काय करते? घरघरते. पदरचे पैसे मोजून, गिटारवरच्या प्लास्टिकच्या पट्टीतली खाच हॅकसॉने कापून मोठी करून, जेवणाच्या टेबलावरच्या मेणकापडाला भोक पाडून मी नव्या पिकअपचा हुबेहूब जुना पिकअप केला होता.

“फरक काय झाला?” बायको म्हणाली.

“सूर जास्त स्वच्छ आहे,” मी म्हणालो. घरघरीचा होता, हे खरं.

मग नकाशा उघडला. तेव्हा कळलं की खरी मजा स्विचमध्ये आहे. सहा पायांचा एक छोटा खटका असतो, ऑन-ऑन-ऑन म्हणतात. वर केला की दोन्ही कॉइल सिरीजमध्ये, जाड आवाज. खाली केला की पॅरललमध्ये, जरा बारीक, काचेसारखा. मधोमध ठेवला की एकच कॉइल. त्याच्यासाठी मुंबई सेंट्रलला उतरून लॅमिंग्टन रोडपर्यंत चालत गेलो. पाटीवर डॉ. भडकमकर मार्ग लिहिलेलं असतं, पण त्या नावाने विचारलं तर तिथले दुकानदारसुद्धा विचारात पडतात. मी एकाला म्हटलं, ऑन-ऑन-ऑन. तो म्हणाला, “तीन पोझिशन ना?” मी म्हटलं, हो. इथे जी माती व्हायची ती झाली, फक्त मला ती घरी येईपर्यंत कळायची नव्हती.

खटक्यासाठी पट्टीला भोक पाडायचं होतं. ड्रिल मशिन शेजाऱ्यांकडून आणलं, मापं घेतली, पेन्सिलने फुली मारली, जिथे हाताला सहज सापडेल अशी सुरेख जागा निवडली आणि ६ मिलिमीटरचं भोक पाडलं. पट्टीखाली पोकळी असते ती फक्त काही भागात. माझ्या सुरेख जागेखाली सलग लाकूड होतं. दुसरं भोक दुसरीकडे पाडावं लागलं. पहिल्या भोकाकडे बघून बायको म्हणाली, “असू द्या, उदबत्तीला बरं आहे.”

मग सोल्डरिंग. व्हॉल्यूमच्या बटणाखालच्या पॉटच्या पाठीवर अर्थच्या वायर जोडायच्या असतात, आणि ती पाठ इतकी गुळगुळीत की सोल्डर तिच्यावर टिकतच नाही. पॉलिश पेपरने आधी खरवडावी लागते, हे मला सोल्डरचे गोळे घरंगळत माझ्या पायजम्यावर आल्यावर उमगलं. राळेचा धूर घरभर झाला. आईने आतल्या खोलीतून विचारलं, आज कसली पूजा? एवढ्यात लाईट गेली. इन्व्हर्टर आहे, पण त्याची बॅटरी उतरलेली होती. शहाण्या माणसाने अशा वेळी बाल्कनीत जाऊन बसावं. पण सोल्डरिंग आयर्न अजून गरम होतं, आणि गरम वस्तू वाया घालवायची नाही हा आमच्या घरचा संस्कार, म्हणून मोबाइलचा टॉर्च दातात धरून मी उरलेल्या वायर जोडून टाकल्या. अंधारात लाल आणि हिरवी दोन्ही काळ्याच दिसतात.

लाईट आली. अ‍ॅम्प लावला. खटका वर केला आणि जी कॉर्ड छेडला, तर पत्र्याच्या डब्यात डास अडकल्यासारखा आवाज आला आणि मागून घरघर, पूर्वीच्या दुप्पट. खाली केला, तोच प्रकार जरा हळू. मधोमध ठेवला. संपूर्ण शांतता. स्वयंपाकघरातून बायको बाहेर आली, पदराला हात पुसत दोन क्षण ऐकत उभी राहिली आणि म्हणाली, “हा मधला चांगला आहे.”

मधल्याचं कोडं सोपं होतं. दुकानदाराने दिलेला खटका ऑन-ऑफ-ऑनचा होता; पोझिशन तीनच, पण मधली म्हणजे बंद. बाहेरून दोन्ही खटके सख्ख्या जुळ्यांइतके सारखे. पण त्या डासाचं काय? ते मला सुटेना. शेवटी मागच्या इस्टेटमध्ये मोटार रिवाइंडिंगचा गाळा आहे, तिथे गिटार घेऊन गेलो. कारागीर पंपाच्या स्टेटरमध्ये तांब्याच्या लडी भरत बसला होता. त्याने गिटारकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि विचारलं, “किती एचपी?”

मी नकाशा उघडणार तोच त्याने हाताने थांबवलं. पट्टी उघडली, वायर न्याहाळल्या, काट्याचा जुना मीटर लावला. मग त्याने जे केलं ते बघण्यासारखं होतं. वायर खटक्यापासून मोकळ्या करून एकेका कॉइलला मीटर जोडला, स्क्रूड्रायव्हरचं टोक त्या कॉइलच्या लोखंडी खिळ्यांवर टेकवलं आणि झटकन वर उचललं. काटा उजवीकडे उडाला. दुसऱ्या कॉइलवर तेच केलं. काटा डावीकडे गेला. “साहेब, एकीचं स्टार्ट-फिनिश उलटं झालंय.” लाल-हिरवी अदलाबदल. म्हणजे ज्या दोन उण्यांवर सेथ लव्हर यांनी पेटंट मिळवलं, त्यात मी दातात टॉर्च धरून तिसरा उणे घातला होता. आता तारेचा आवाज एकमेकांत वजा होत होता आणि घरघरीची बेरीज होत होती. जगातल्या लोकांनी घरघर घालवून गाणं ठेवणारं यंत्र बनवलं. मी गाणं घालवून घरघर ठेवणारं बनवलं.

त्याने वायर बदलल्या, एका हाताने, दुसऱ्या हातात बिडी. माझे जोड बघून “ड्राय सोल्डर आहे सगळं” म्हणत तेही परत केले. मग डिजिटल मीटर काढून वाचून दाखवलं: सिरीजला ८ के, एका कॉइलला ४ के, पॅरललला २ के. “आठ, चार, दोन. बरोबर आहे. बरोबर नसतं तर आकडे बोलले असते.” पैसे विचारले तर चहा पाजा म्हणाला. चहा घेताना त्याला एकच गोष्ट छळत होती. एवढ्या बारीक वायरचे पाच हजार वेढे भरायचे, आणि त्याच्यावर पाणी चढवायचं नाही, पंखा फिरवायचा नाही, मग करायचं काय? मी चार कॉर्ड वाजवून दाखवले. “बास?” तो म्हणाला.

आमच्या खालच्या मजल्यावर एक काका आहेत, तरुणपणी लग्नाच्या बँडमध्ये ट्रम्पेट वाजवायचे; वसईतल्या लग्नांत बँडला जो मान आहे तो नवऱ्यालाही नसतो, त्यामुळे कानाचे तिखट. त्यांना मी दोन्ही आवाज ऐकवले, जाड आणि बारीक, आळीपाळीने, बराच वेळ. घरघर खरंच गेली होती. ते डोळे मिटून ऐकत होते, मला वाटलं दाद देताहेत. मग त्यांनी विचारलं, “ट्यूनिंग झालं की सुरू करशील ना?”

तर तुमच्यापैकी कुणी लॅमिंग्टन रोडला जाणार असेल, तर माझ्यासाठी एक ऑन-ऑन-ऑन खटका आणा, छोटा, सहा पायांचा. ‘तीन पोझिशन ना’ असं विचारलं तर हो म्हणू नका. खटका मधोमध ठेवायचा, मीटर बझरवर लावायचा आणि दोन्ही रांगांत मधल्या पायापासून वरच्या-खालच्या पायांना टोचून बघायचं. एका रांगेत वरचा वाजला आणि दुसऱ्या रांगेत खालचा, तर तोच घ्या. कुठेच वाजला नाही तर तसला माझ्याकडे आहे. पैसे लगेच देईन. फक्त घरी आणू नका, स्टेशनवर द्या. मधला आवाज बदलणार आहे हे बायकोला अजून सांगितलेलं नाही.