बैठक झाली, जाब कोण देणार?

अमली पदार्थ रोखण्यासाठी प्रत्येक जिल्ह्यात सगळ्या खात्यांची मिळून एक समिती असते, तशी धाराशिवलाही आहे. केंद्राने २०१६ मध्ये ‘एनकॉर्ड’ ही यंत्रणा उभी केली, २०१९ मध्ये तिच्या चार पातळ्या केल्या. त्यातली शेवटची पायरी म्हणजे ही जिल्हा समिती. अध्यक्ष जिल्हाधिकारी. सोबत पोलीस, अन्न व औषध प्रशासन, आरोग्य, शिक्षण, कृषी. काम ठरवणारे हेच, करणारे हेच आणि झालं की नाही हे तपासणारेही हेच. आपलाच पेपर आपणच तपासायचा, ही रीत शाळेतही चालत नाही.

फेब्रुवारी २०२५ मध्ये तुळजापूर तालुक्यातल्या तामलवाडी पोलिसांनी तिघांना पकडलं. जवळ सुमारे ४५ ग्रॅम एमडी, म्हणजे मेफेड्रोन. तपासाचा धागा मुंबईपर्यंत गेला, आरोपी तीसच्या वर गेले आणि त्यांत तुळजाभवानीच्या काही पुजाऱ्यांचीही नावं आली. दोषी कोण ते न्यायालय ठरवेल. पण तुळजापुरात पुड्या मिळतात, पोरं नादाला लागलीत, ही कुजबुज अटकेच्या आधीपासून होती. जे गावच्या टपरीवर कळत होतं ते समितीच्या टेबलावर पोचलं होतं का? पोचलं असेल तर कुठल्या महिन्यात, आणि कोणत्या खात्याला काय काम दिलं? पोचलं नसेल तर समिती कशासाठी भरत होती?

आणखी एक गोष्ट. तुळजाभवानी मंदिर संस्थानचे अध्यक्षही पदसिद्ध जिल्हाधिकारीच. म्हणजे देवस्थानाचा कारभार आणि समितीची सूत्रं एकाच कार्यालयात. त्या खुर्चीवर कोणीही बसो, बाहेरून विचारणारा माणूस अशा ठिकाणी हवाच.

अशा बैठकांची प्रसिद्धिपत्रकं वाचा. कडक कारवाई करा, समन्वय ठेवा, जनजागृती करा. आदेश भरपूर, हिशेब कुठे? मागच्या वेळी औषध दुकानांची तपासणी ठरली होती, ती किती दुकानांची झाली? बंद कारखान्यांची पाहणी कोणी केली? प्रयोगशाळेत किती नमुने अडकलेत? १९३३ या हेल्पलाइनवर जिल्ह्यातून किती तक्रारी आल्या आणि त्यांचं पुढे काय झालं? फोटोत कोण कुठे बसलं हे कळून तुळजापूरच्या आईबापांचा काही उपयोग नाही.

पोलिसांवर बाहेरून देखरेख ठेवण्याची तरतूद कागदावर नाही, असंही नाही. परमवीर सिंग सैनी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २ डिसेंबर २०२० रोजी प्रत्येक पोलीस ठाण्यात सीसीटीव्ही लावायला सांगितलं आणि त्यावर लक्ष ठेवायला जिल्हा समिती नेमायला सांगितली. त्या समितीत अधिकाऱ्यांच्या जोडीला लोकप्रतिनिधीची एक जागा आहे: शहरात महापौर, ग्रामीण भागात जिल्हा परिषद अध्यक्ष. धाराशिव जिल्हा परिषदेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि पुढे वर्षानुवर्षं प्रशासक बसला. तामलवाडीची कारवाई झाली तेव्हाही प्रशासकच होता. लोकांची म्हणून ठेवलेली एकुलती एक खुर्चीही अशी सरकारकडेच गेली. निवडणुका लांबल्या की फक्त रस्ते-गटारं अडतात असं समजणाऱ्यांनी याचा विचार करावा.

पोलिसांविरुद्ध तक्रार करायची तर? प्रकाश सिंग खटल्यात २००६ मध्येच सर्वोच्च न्यायालयाने जिल्हा पातळीवर तक्रार प्राधिकरण नेमायला सांगितलं होतं. महाराष्ट्राने २०१४ मध्ये कायदा दुरुस्त केला आणि जिल्ह्याऐवजी विभागीय प्राधिकरण आणलं. उमरग्याच्या किंवा परंड्याच्या माणसाची दाद विभागाच्या दारात, आणि विभागाचं ठाणं छत्रपती संभाजीनगरला. दिवसाची मजुरी बुडवून तिथवर कोण जाईल?

यावर ठरलेलं उत्तर येतं: तपास गोपनीय असतो. मान्य. खबऱ्याचं नाव, छाप्याची वेळ, संशयितांची यादी गुप्तच राहिली पाहिजे. पण मागच्या महिन्यात कोणत्या खात्याने नेमून दिलेलं काम केलं नाही, यात गोपनीय काय आहे? माहिती अधिकार कायद्याचं कलम ४ अशी माहिती आपणहून जाहीर करायला सांगतं आणि तपासाला बाधा येईल तेवढं झाकायची सोय कलम ८ मध्ये आहे.

देखरेख पोलिसांच्या विरोधात जाते, हाही गैरसमज. एमडीचं व्यावसायिक प्रमाण ५० ग्रॅमच्या पुढे धरतात आणि जामिनाचे कडक निकष मुख्यतः त्याच प्रमाणाला लागतात. तामलवाडीचा ऐवज त्याच्या आतला. अशा खटल्यात कागद न् कागद महत्त्वाचा: झडतीआधी अमली पदार्थविरोधी (एनडीपीएस) कायद्याच्या कलम ५० खाली त्या माणसाला त्याचा हक्क सांगितला का, ४८ तासांत वरिष्ठांना अहवाल गेला का, दंडाधिकाऱ्यांसमोर मालाची यादी आणि नमुने झाले का. यातली एक पायरी चुकली की बचावाचा वकील तिथेच बोट ठेवतो. ती चूक बाहेरच्या नजरेने वेळेत पकडली तर खटला वाचतो. आणि झडतीत कोणा निरपराधाला विनाकारण छळलं, तर याच कायद्याचं कलम ५८ अधिकाऱ्यालाही शिक्षा सांगतं. ते कलम वापरायचं तर आधी झडत्यांचा हिशेब मिळायला हवा.

म्हणून तीन मागण्या. समितीचं इतिवृत्त आठ दिवसांत जिल्ह्याच्या संकेतस्थळावर टाका; सोबत खातेनिहाय तक्ता: काय ठरलं, कोणी करायचं, झालं की नाही. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे सचिव आणि एक निवृत्त न्यायाधीश यांना समितीत बसवा. आणि तक्रार प्राधिकरणाची सुनावणी ठरावीक दिवशी धाराशिवला घ्या. यातल्या एकाही गोष्टीला नवी इमारत लागत नाही.

वाचकहो, तोवर आपल्या हातात माहिती अधिकाराचा दहा रुपयांचा अर्ज आहे. फेब्रुवारी २०२५ च्या आधीच्या वर्षभरातली समितीची इतिवृत्तं मागा. उत्तर तीस दिवसांत द्यावं लागतं.