नव्या यंत्रावर जुना अंमल

जालना जिल्ह्यातील जाफराबाद तालुक्यातल्या टेंभुर्णीसारख्या गावी, लग्नसराई तोंडावर आली असता, लग्नपत्रिकांची अक्षरजुळणी करणाऱ्या एखाद्या दुकानदाराने अद्ययावत लॅपटॉप आणावा आणि त्यावर प्रथम संस्कार म्हणून, जिची सेवा १४ जानेवारी २०२० रोजीच समाप्त झाली त्या विंडोज ७ च्या प्रतिष्ठापनेचा घाट घालावा, यात शहरी विद्वानांस वाटते तितके अज्ञान नाही. त्याची सारी दौलत पेजमेकरच्या फायलींत आणि युनिकोडपूर्व फाँटांत बंदिस्त असते. फाँट हरवला की वधूपित्याचे नाव रोमन अक्षरांच्या कडबोळ्यात अंतर्धान पावते.

यंत्राची मात्र या परंपरेस सक्त मनाई. २००९ साली अवतरलेल्या त्या प्रणालीस यूएसबी ३ ची मुळातच ओळख नसल्यामुळे स्वागताचा निळा पडदा मोठ्या इतमामाने झळकतो आणि माउसचा बाण जागचा हलत नाही. त्यावर काही तजवीज केलीच, तर एनव्हीएमई डिस्क यंत्रात धडधडीत बसलेली असूनही यादी रिकामीच.

“मामा, आता युनिकोड शिका की,” दुकानदाराचा भाचा सुचवतो.

“शिकतो. तोवर तू ही पाटलांची पत्रिका उघडून दाखव,” मामा फर्मावतात.