एका शनिवार-रविवारात हायड्रोबूस्ट

साहित्य: शेवरोलेचा १९६७ ते १९७२ दरम्यानचा एक सी-१० पिकअप. शक्यतो टेक्सस किंवा ॲरिझोनातला घ्यावा. मिशिगन-ओहायोकडचे ट्रक थंडीत रस्त्यावर टाकलेल्या मिठाने खाल्लेले असतात आणि बोल्टला पाना लावला की बोल्टच हातात येतो. एक गराज. त्या गराजात रोज उभी राहणारी दुसरी गाडी आता बरेच दिवस बाहेर उभी राहणार आहे, तेव्हा तिच्या मालकिणीची परवानगी. पाने, जॅक, चार भक्कम स्टँड आणि जुने टॉवेल. घरात जुने टॉवेल नसतील तर काळजी नको, होतील.

वेळ: हायड्रोबूस्टचं, म्हणजे तेलाच्या दाबाने ब्रेकला मदत करणाऱ्या बूस्टरचं, किट विकणारे म्हणतात, एक वीकएंड. कुठला, ते सांगत नाहीत.

पहिली पायरी, इंजिन बिघडवा. ही पायरी कुठल्याच माहितीपत्रकात नसते, पण हायड्रोबूस्टची सुरुवात बहुतेकांच्या घरी इथूनच होते. ट्रक चांगला चाललेला असतो. मग एके दिवशी वाटतं, सिग्नलला उभा असताना तो नुसता सुरू राहू नये, गुरगुरला पाहिजे. म्हणून ३५० क्युबिक इंचांच्या इंजिनात मोठा कॅमशाफ्ट पडतो. आवाज अप्रतिम येतो. शेजारी पडदा सरकवून बघतात. आणि ब्रेक लागेनासे होतात.

का, ते समजून घ्या. साधा पॉवर ब्रेक व्हॅक्यूमवर चालतो. ब्रेकचं तेल चाकांकडे ढकलणाऱ्या मास्टर सिलिंडरच्या मागे पत्र्याचा मोठा गोल डबा असतो, त्यात रबरी पडदा. पडद्याच्या एका बाजूची हवा इंजिन ओढून घेतं. पेडल दाबलं की दुसऱ्या बाजूने बाहेरची हवा आत शिरते आणि पडदा पुढे ढकलते. म्हणजे तुमच्या पायाला मदत करतं ते वातावरण, तेही फुकट. कंपनीचं धडधाकट इंजिन आयडलला पाऱ्याचे १८ ते २० इंच व्हॅक्यूम देतं. गुरगुरणारं इंजिन सहज निम्म्यावर येतं. मग पहिल्या दाबाला ब्रेक लागतो, दुसऱ्या दाबाला पेडल जागचं हलत नाही, आणि समोर एक मिनीव्हॅन थांबलेली असते.

इथे समंजस माणूस जुना कॅमशाफ्ट परत बसवतो. त्याच्यासाठी हा लेख इथेच संपला.

दुसरी पायरी, मदतनीस बदला. बेंडिक्स कंपनीने सत्तरच्या दशकात आणलेला हायड्रोबूस्ट व्हॅक्यूमच्या भानगडीतच पडत नाही. तो पॉवर स्टिअरिंगच्या पंपाकडून दाबाखालचं तेल घेतो आणि त्या जोरावर मास्टर सिलिंडर ढकलतो. डिझेल इंजिनाला पेट्रोल इंजिनासारखा थ्रॉटल नसतो, त्यामुळे कामापुरतं व्हॅक्यूमही नसतं. म्हणून हा प्रकार डिझेल ट्रकांत रुजला. पुढे १९९६ पासून व्ही-८ मस्टँगलाही तो मिळाला. गरीब माणसाचा हायड्रोबूस्ट मात्र भंगारात निघालेल्या ॲस्ट्रो व्हॅनमध्ये सापडतो. आकाराने तो व्हॅक्यूमच्या डब्यापेक्षा खूपच आटोपशीर. पंपाचा दाब दर चौरस इंचाला हजार पौंडांच्या वर जातो. तुमच्या टायरमध्ये तीस-पस्तीस असतो, एवढं लक्षात ठेवून जोडाजोड करा.

तिसरी पायरी. तुमच्या ट्रकला पॉवर स्टिअरिंग आहे ना?

नसेल, तर तिसऱ्या पायरीच्या आधी आणखी काही पायऱ्या आहेत. पंप हवा. पंपाला ब्रॅकेट हवं, ब्रॅकेटला बोल्ट हवेत, पंपाला पुली हवी, आणि ती क्रँकच्या पुलीशी एका रेषेत यायला हवी, नाहीतर बेल्ट किंचाळतो आणि मग उडतो. पंप आलाच आहे तर स्टिअरिंगचा गिअरबॉक्सही पॉवरचा घ्यावा असं कोणीही म्हणेल. आणि एवढी ताकद आली तर पुढच्या चाकांना ड्रम कशाला ठेवायचे? जनरल मोटर्सने १९७१ पासून या ट्रकांना पुढे डिस्क दिल्या, त्यामुळे त्या वर्षीचा सांगाडा मिळाला की सगळं थेट बसतं. फक्त १९७० पर्यंतच्या अर्ध्या टनी ट्रकांच्या चाकाला सहा नट आणि १९७१ पासून पाच. म्हणजे आता तुमच्या ट्रकच्या पुढच्या चाकांना पाच नट आणि मागच्यांना सहा. स्टेपनी कुठली ठेवायची हा प्रश्न मी अनेकांना विचारला. प्रत्येकाने दोन्ही ठेव म्हणून सांगितलं. मागचा ॲक्सल बदलला तर हाही प्रश्न सुटतो. बघा, आता ब्रेकसाठी आपण ॲक्सलपर्यंत आलो.

इथपासून पुढे थट्टा जरा कमी, कारण काम ब्रेकचं आहे.

गाडीत आता दोन तेलं आहेत आणि ती एकमेकांची वैरी आहेत. मास्टर सिलिंडरमध्ये ब्रेक ऑइल, ग्लायकॉलचं, फिकट मधाच्या रंगाचं. बूस्टरमध्ये स्टिअरिंग ऑइल, खनिज तेलातून आलेलं. स्टिअरिंग ऑइलचा थोडासा अंश जरी मास्टर सिलिंडरमध्ये गेला तरी आतली रबरं फुगतात, कॅलिपरपर्यंतची सगळी, आणि मग पाइपांपासून सगळं उघडून रबरं बदलण्याखेरीज गत्यंतर नसतं. दोन नरसाळी ठेवा. त्यांवर मार्करने लिहा. मदतीला आलेल्या मेहुण्याला नरसाळं देऊ नका, त्याला बॅटरी धरायला सांगा. उलट दिशेची चूक स्वस्तात सुटत नाहीच, शिवाय सांडलेलं ब्रेक ऑइल रंग उचलून काढतं, तेव्हा फेंडरवर टॉवेल टाका. आता टॉवेल जुना झाला.

बूस्टरच्या कडेला एक जाड नळकांडं असतं, ॲक्युम्युलेटर. त्यात दाब साठवलेला असतो, म्हणजे इंजिन वाटेत बंद पडलं तरी दोन-तीन वेळा मदतीसह ब्रेक मारता येतो. त्यानंतर उरतो तुमचा पाय. हे नळकांडं उघडायचं नाही. आणि कुठलाही पाइप सोडवण्याआधी इंजिन बंद ठेवून पेडल कडक होईपर्यंत भरपूर वेळा दाबायचं.

पेडलच्या दांड्याला बहुधा दोन भोकं असतात. वरचं साध्या ब्रेकसाठी, खालचं पॉवर ब्रेकसाठी. वरच्या भोकात तरफ जास्त मिळते, म्हणून नवशिक्याला ते आवडतं. हायड्रोबूस्टला ती तरफ नको आहे. वरच्या भोकात लावलात तर पाय नुसता टेकवल्यावर गाडी थांबेल आणि तुमचं कपाळ थांबणार नाही. बूस्टर आणि मास्टर सिलिंडर यांच्यामधली दांडीही मोजून घ्या. केसभर लांब झाली तर पेडल सोडल्यावरही ब्रेक थोडे लागलेलेच राहतात, तापतात, आणि तापल्यावर आणखी लागतात.

होजेस: पंपातून बूस्टरला, बूस्टरमधून स्टिअरिंगला, आणि दोघांकडून पंपाच्या टाकीत परत. दोन्ही परतीच्या नळ्या एका टीने जोडण्याचा मोह होईल. टाकीला दोन वेगळी तोंडं असलेला पंप घ्या, नाहीतर परतीचा दाब बूस्टरला मागून ढकलतो आणि गाडी आपणहून ब्रेक मारू लागते. पाइपचे नट सोडवायला त्यांना चहूबाजूंनी धरणारा पाना आणा. साध्या पान्याने नट गोल होतो.

हवा काढणं. पुढची चाकं उचला, टाकी भरा, इग्निशनची वायर काढून स्टार्टर काही सेकंद फिरवा, इंजिन सुरू होऊ देऊ नका. तेल भरा. पुन्हा. मग सुरू करून स्टिअरिंग हळूहळू एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा आणि पेडल सावकाश दाबत राहा. टाकीत ताकासारखा फेस येईल. तो आल्यावर लोक उत्साहाने आणखी फिरवतात. फिरवू नका, इंजिन बंद करून तासभर जेवून या. बाहेर ड्राइव्हवेवर हे करत असाल तर वसाहतीच्या संघटनेकडून पत्र येईल, कारण स्टँडवरची गाडी दिसणं त्यांच्या नियमात बसत नाही. ते पत्र टाकीखाली अंथरा.

ब्रेकच्या पाइपांतली हवा वेगळी काढायची, नेहमीसारखी, मास्टर सिलिंडरपासून सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरुवात करून.

आता परीक्षा. इंजिन बंद. ॲक्युम्युलेटर रिकामा होईपर्यंत पेडल दाबा. मग पाय हलका टेकवून ठेवा आणि इंजिन सुरू करा. पेडल जरा खाली जाऊन परत पायाला वर ढकलतं. तसं झालं तर बूस्टर कामाला लागला. झालं नाही तर तेल कुठे ठिबकतंय ते शोधा, टॉवेलवर दिसेल.

रस्त्यावर जाण्याआधी एकाला मागे उभं करून ब्रेक लाइट लागतो का ते विचारा. भोक बदलल्याने पेडलची जागा सरकते आणि स्विचला ते कळत नाही. पुढच्या चौकात तुमचा पाऊण शतकाकडे चाललेला ट्रक स्पोर्ट्स कारसारखा थांबेल, आणि मागच्या माणसाला फोनमधून मान वर काढायला तेवढा एकच लाल दिवा मिळेल.