शाश्वत विकास आराखडा: बीड जिल्ह्यासाठी पहिला धडा

साहित्य: जिल्ह्याचा नकाशा एक, तालुके अकरा, रंगपेटी. पाणी मिळाल्यास उत्तम, न मिळाल्यास निळी पेन्सिल चालेल.

आधी हद्दीची रेघ ठळक करून घ्या. नद्या तिला जुमानत नाहीत, पण ते तुमचं खातं नव्हे. केज तालुक्यात धनेगावला मांजरा धरण दिसेल. आपल्या हद्दीत आहे, म्हणून जलसंपत्तीच्या रकान्यात मांडा. त्यावर लातूर शहर तहान भागवतं, हे लातूरवाले त्यांच्या आराखड्यात मांडतीलच. २०१६ साली धरण आटलं तेव्हा लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं. बीड शहराला तीही सोय नव्हती. अहिल्यानगर–बीड–परळी मार्गाला मंजुरी १९९५ची, गाडी बीडला पोचली १७ सप्टेंबर २०२५ला. म्हणून 'दळणवळण' हा रकाना घाईनं भरू नये.

ऊर्जेत परळीचं औष्णिक केंद्र घाला. २०१५ साली ते पाण्याअभावी बंद ठेवावं लागलं होतं, तेवढं वगळा. तिथल्या राखेवर नवशिक्यांनी बोलू नये.

आता लोकसहभाग. हा भाग सोपा आहे, फक्त मुहूर्त साधावा लागतो. गावाच्या आराखड्याची मोहीम २ ऑक्टोबरला सुरू होते आणि पुढं काही महिने चालते. नेमकं त्याच सुमारास, दसरा-दिवाळी उरकून, ऊसतोडीसाठी मुकादमाची उचल घेतलेले कोयते ट्रॅक्टरात बसून साखर कारखान्यांच्या वाटेला लागतात. कोयता म्हणजे नवराबायको मिळून एक; नोंद करताना बाई वेगळी मोजू नये, तिकडेही मोजत नाहीत. मागे उरतात म्हातारी माणसं आणि त्यांच्याकडे सोपवलेली नातवंडं. एवढ्यांवर ग्रामसभा उरका. आराखड्यावर 'आमचं गाव, आमचा विकास' लिहा. गाव सध्या साताऱ्याकडे, कोल्हापुराकडे किंवा थेट कर्नाटकात आहे, हा तपशील झाला. 'स्थलांतर रोखणे' हे उद्दिष्ट मात्र पहिल्या पानावर हवंच.

पुढं जिल्हा नियोजन समिती. राज्यघटनेनं तिचे किमान चारपंचमांश सदस्य जिल्हा परिषद आणि नगरपालिकांतल्या निवडून आलेल्यांमधून घ्यायला सांगितलंय. २०२२ साली जिल्हा परिषदेची मुदत संपली आणि कारभार वर्षानुवर्षं प्रशासकाकडे राहिला. घाबरू नका, पालकमंत्री असतातच.

मग मार्च येतो. प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता आणि खर्च हे सगळं एकाच पंधरवड्यात बसवा. याच दिवसांत टोळ्या परतू लागतात. कुणी विचारलंच, आमच्या वस्तीवरच्या बंधाऱ्याचं काय झालं, तर सांगा: आराखडा पोर्टलवर आहे, बघून घ्या.